दोन-सहाच्या बांगड्या

युनिफॉर्मवरून माझ्याशी कुणी वाद घालायला आलं की मी आधी विचारते, तुम्ही अंगावरच्या कपड्याबद्दल बोलताय की हाताबद्दल? समोरचा गोंधळतो. गोंधळू दे. शाळेच्या शिस्तीवर तोंड भरून बोलणारी बरीचशी माणसं सकाळच्या वेळी शाळेच्या गेटपाशी कधी उभी राहिलेली नसतात. मी राहिलेय. निपाणीजवळच्या एका सरकारी मराठी हायस्कुलात मी मराठी शिकवते, माझे केस पांढरे झाले ते तिथंच. शनिवारी दुपारी बेळगावला घरी जायचं, सोमवारी पहिल्या बसनं परत यायचं आणि मधले दिवस निपाणीत भाड्याच्या खोलीत काढायचे, असं माझं चाललंय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी माझ्या अंगावर येऊ नये. शाळेत सगळ्यांना एक कपडा असावा, याला माझी ना नाही. मी बेळगावच्या खासबागेतली. आमच्या वर्गात वकिलाची मुलगी होती, मागावर बसणाऱ्या विणकराची होती आणि माझ्यासारखी कचेरीतल्या कारकुनाचीही होती. जूनमध्ये सगळ्यांच्या आया खडेबाजारात जाऊन एकाच ताग्यातलं निळं कापड फाडून आणायच्या. त्या निळ्या स्कर्टात कोण कुणाची, हे निदान शाळा सुटेपर्यंत तरी कळायचं नाही. मला ते आवडायचं. अजून आवडतं.

पण गोष्ट कपड्यावर थांबेल तर ना. कपडा झाला की केस येतात. केसांच्या दोन वेण्या, त्या वर दुमडून बांधलेल्या, रिबीन काळीच. मग केसातलं फूल. मग मेंदी. मग कपाळावरची टिकली केवढी असावी ते. मग हात. एकदा माप घ्यायची सवय लागली की ती सुटत नाही, आणि मापं सगळी पोरींचीच निघतात. पोरांना केस कापून या म्हटलं की संपलं. याचा मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो.

आमचे तेव्हाचे हेडसर चिकोडीकडचे. उंच, किडकिडीत, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून प्रार्थनेच्या कितीतरी आधी गेटवर हजर. वाईट माणूस मुळीच नव्हते. दुपारच्या भातात खडा निघाला म्हणून पोरं कुरकुरली, तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या बायकांबरोबर स्वतः तांदूळ निवडायला बसले होते. पण नियम म्हटला की नियम. ते आमच्याकडं आले त्या वर्षी खो-खो खेळताना एका मुलीची काचेची बांगडी पिचली, मनगटात काच घुसली आणि टाके घालावे लागले. दुसऱ्या दिवसापासून मुलींच्या बांगड्या बंद. त्याच सुमारास आमच्या राज्यात शाळा-कॉलेजातल्या मुलींच्या डोक्यावरच्या कपड्यावरून रान पेटलं होतं. टीव्ही लावला की तेच. हेडसर मनातून घाबरले, आणि घाबरलेला माणूस जास्तच कडक होतो. बांगडी नाही, फूल नाही, मनगटाला दोरा नाही, गळ्यात ताईत नाही, डोक्याला स्कार्फ नाही. पेंटर बोलावून त्यांनी हे सगळं गेटच्या आतल्या भिंतीवर ठसठशीत निळ्या अक्षरांत लिहून घेतलं.

भिंतीच्या शेजारी पाण्याची टाकी आणि नळ. सकाळी तिथं मुलींची गर्दी व्हायची. साबणाचा तुकडा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायचा, बांगड्या निघायच्या, रुमालात बांधून दप्तरात जायच्या, संध्याकाळी परत चढायच्या. मोमिन गल्लीकडून येणाऱ्या मुली स्कार्फ काढून घडी घालायच्या आणि मान खाली घालून वर्गात जायच्या. हेडसर थोडं लांब उभे राहायचे. ओरडायचे नाहीत, नुसते बघायचे. मला रोज वाटायचं, शाळेत शिरताना पोरींना पहिलं काम काय, तर स्वतःवरचं काहीतरी उतरवायचं. स्टाफरूममध्ये मी हे बोलले की बाकीचे म्हणायचे, बाई सुरू झाल्या.

ती मुलगी दहावीला होती. शेजारच्या खेड्यातून निपाणीत बस बदलून यायची, मराठीचा निबंध असा लिहायची की वर्गात वाचून दाखवताना माझाच आवाज बदलायचा. बाप आदल्या मे महिन्यात गेला होता. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. घरात धाकटा भाऊ आणि वर चुलता. दहावी झाली की पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावला यायचं, नर्सिंग करायचं, असं तिनं मला सांगून ठेवलं होतं. राहायची सोय मी बघते म्हणून मीही शब्द दिला होता.

तुळशीचं लग्न झालं आणि ती आठवडाभर दिसली नाही. परत आली ती स्वेटर घालून. थंडीचे दिवस, निम्मा वर्ग स्वेटरमध्ये, कुणाचं लक्ष जाणार? संक्रांत झाली, ऊन तापायला लागलं, सगळ्यांचे स्वेटर घरी गेले, हिचा मात्र अंगावरच. बाह्या पार बोटांपर्यंत ओढलेल्या. एके दिवशी हेडसरांनी गेटवर थांबवून तिला स्वेटर काढायला लावला. आत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. त्यांनी नळाकडं बोट दाखवलं आणि ते पुढच्या मुलीकडं वळले. त्यांच्या लेखी तिथंच विषय संपला.

मी तेवढ्यात आत शिरत होते. बघते तर नळापाशी ती एकटी, अंगठा तळहातात मुडपून साबणाच्या फेसातून बांगडी ओढतेय. हात लालभडक. बांगड्या इतक्या घट्ट की हाडावरून सरकेनात. एक काढली, दुसरी काढली, तिसरी पिचली. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. ती त्या तुकड्यांकडं अशी बघत राहिली की मी जवळ गेले. शेवटची बांगडी काढायच्या आधी तिनं दप्तरातून हळदीत भिजवलेला पांढरा दोरा काढला, दातानं धरून मनगटाला गुंडाळला, आणि मगच ती बांगडी उतरवली. दोरा घड्याळाच्या पट्ट्याखाली ढकलला.

 पुरुषाला त्यात काही दिसणार नाही. पण आमच्याकडची कुठलीही बाई सांगेल. सवाष्णीचा हात क्षणभरही मोकळा ठेवायचा नसतो. कासार नवीन बांगड्या भरतानासुद्धा जुनी एक हातात राहू देतो. ती पण नसेल तर दोरा बांधायचा. मी स्वतः लग्नानंतर असा दोरा बांधलाय. कुवार पोरीला त्याची गरज पडत नाही.

तिला मी लायब्ररीच्या खोलीत नेलं. तिथं कुणी येत नाही. काय झालं ते तिनं सरळ सांगितलं, रडली सुद्धा नाही. बाप गेला की मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आमच्या भागातली रीत. चुलत्याला तीन वर्षं थांबायचं नव्हतं. स्थळ सीमेच्या पलीकडचं, महाराष्ट्रातल्या एका गावातलं. मुलगा मालट्रक चालवतो. देवळासमोर चार माणसांत उरकून टाकलं. नांदायला मात्र परीक्षेनंतर जायचं, एवढं तिनं पाय धरून मागून घेतलं होतं. सासूला ती आत्ती म्हणत होती, आमच्याकडं म्हणतातच.

"आत्ती म्हणाल्यात, परीक्षेला बस. फकस्त लग्नातला चुडा हातातनं निघाला न्हाय पायजे. त्यास्नी ल्योक एकच हाय, बाई."

ती सासू विधवा होती. नवरा असाच गाडीवर गेलेला. मुलगा स्टेअरिंगवर बसला की हिचा जीव टांगणीला. सुनेच्या हातातल्या काचेवर तिनं मुलाचं आयुष्य ठेवलं होतं. मला तिचा राग येत होता आणि येतही नव्हता. दर गुरुवारी ती निपाणीच्या बाजाराला यायची, स्टँडवर सुनेला गाठायची, खाऊ द्यायची आणि हात बघायची.

म्हणजे बघा, एका पोरीच्या दोन मनगटांवर दोन ठिकाणचे नियम. इथं बांगडी दिसली तर वर्गात प्रवेश नाही, तिथं बांगडी दिसली नाही तर शाळाच बंद. दोन्हीकडची माणसं तिच्या भल्याचंच बोलत होती. आणि ती मधे उभी राहून साबण लावत होती.

कायदा मला ठाऊक नाही असं कुणी समजू नये. आमच्या ऑफिसच्या दारावर बालविवाहाविरुद्धचं पोस्टर आहे, फोन नंबरासकट. मी तिला तसं म्हटलंही. तिनं माझा हात धरला. म्हणाली, तुम्ही फोन केलासा तर चुलता उद्याच मला पलीकडं नेऊन सोडंल, मग पोलीस आलं काय आन् न आलं काय. मला पेपर लिहू द्या, मग काय करायचं ते करा. तिला सगळं कळत होतं. माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, कारण ती त्या घरात राहात होती.

मी हेडसरांकडं गेले. आधी नुसतं एवढंच म्हटलं, की या मुलीला परीक्षेपर्यंत बांगड्यांची सूट द्या, घरची अडचण आहे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कसली अडचण ते विचारलं नाही. म्हणाले,

"बघा बाई, रोज सकाळी चार पोरी माझ्यासमोर स्कार्फ काढून घडी घालतात. त्यांच्याकडं बघवत नाही मला. आता हिच्या बांगड्यांना कुठल्या तोंडानं सूट देऊ?"

 मी म्हटलं, मग त्यांनाही घालू द्या. ते म्हणाले, ते तुम्ही आणि मी ठरवणार का? आणि त्यांचंही खरंच होतं. माणूस अन्याय करत होता, पण सगळ्यांवर सारखा करत होता, आणि त्याला तो न्याय वाटत होता. मी चिडले. मग दार लावून घेतलं आणि सगळंच सांगितलं. चुडा काय, दोरा काय, गुरुवार काय.

 ते दारावरच्या पोस्टरकडं बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले की पेपर होऊ देत, शेवटच्या पेपरच्या दिवशी मी स्वतः तो फोन करतो. बांगड्यांच्या सवलतीचं काय, म्हणून मी विचारलं, तर त्यांनी मान हलवली. नियम बदलणार नाही. मी दार आपटून बाहेर आले. या माणसाला काळीज नाही, असं मी स्टाफरूममध्ये मोठ्यांदा बोलले.

पुढच्या आठवड्यात त्यांना मीटिंगसाठी बेळगावला जावं लागलं. परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेटवर बघते तर ती मुलगी नळापाशी आली, बांगड्या सर्रकन काढल्या, रुमालात बांधल्या, दोरा घड्याळाखाली सारला आणि चालू लागली. साबण नाही, काही नाही. जाताना माझ्याकडं बघून हसली. कित्येक महिन्यांनी मी तिला हसताना बघितलं. बांगड्या हिरव्याच, तशाच, पण मापानं मोठ्या. आधीचा चुडा तिच्या आईनं घरी तेल लावून एक-एक करून अलगद उतरवला होता आणि देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवला होता.

कुठनं आणल्या म्हणून मी हेडसरांना विचारलं, कारण मला शंका आलीच होती. एवढा मोठा माणूस, पोरासारखा लाजला. खडेबाजारात बांगड्यांच्या दुकानात आयुष्यात पहिल्यांदाच एकटा शिरलो म्हणाले. कासारानं माप विचारलं. आता मुलीच्या हाताचं माप यांना कुठनं माहीत असणार? यांना एकच माप ठाऊक होतं, घरचं, बायकोचं. दोन-सहा. तेच सांगितलं. पोरीचा हात दोन-दोनचा, तिला त्या ढगळ होणारच, आणि ढगळच तर हव्या होत्या. गेटवरचा नियम पण राहिला, सासूचा पण राहिला, असं म्हणून ते खूश होते.  त्यांना दिलेल्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

सवाष्णीला चुडा कोण भरतं? माहेरचं माणूस, सासरचं माणूस. कासार सोडला तर परका पुरुष भरत नाही. तो बांगड्या आणून देत नाही, देऊ करत नाही, गमतीनंसुद्धा नाही. आमच्याकडं लहान पोरालाही हे माहीत असतं. हेडसरांनाही माहीत होतं, चिकोडीतच वाढलेला माणूस. पण त्यांच्या डोक्यात ती एक विद्यार्थिनी होती आणि बांगड्या म्हणजे परीक्षेला बसण्यासाठी लागणारी एक वस्तू, पेन-पट्टीसारखी. एवढ्या सगळ्या पोरींच्या हातातल्या बांगड्या त्यांनी उतरवल्या होत्या, की बांगडी म्हणजे काय हेच ते विसरले होते. आणि माझ्या आनंदात मलाही ते सुचलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी भाजी घेऊन स्टँडवरून खोलीकडं चालले होते. बाजाराचा दिवस, फलाटावर पोती, कोंबड्या, माणसांची ही गर्दी. पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर ती मुलगी बसली होती आणि शेजारी पांढऱ्या कपाळाची, काळसर लुगड्यातली एक बारीक बाई. सासू. मी लांबूनच ओळखलं. बाईनं पिशवीतनं चिरमुऱ्याचा लाडू काढून सुनेच्या हातात दिला. सुनेनं हात वर केला, आणि सगळ्या बांगड्या खळकन कोपराकडं घसरल्या.

बाईचा चेहरा बदलला. तिनं ते मनगट धरलं, बांगड्या पुढं ओढल्या, मागं ढकलल्या. ओरडली नाही. ह्या आपल्या न्हवंत, एवढंच म्हणाली, आणि कुणी दिल्या म्हणून विचारलं. मी पिशवी सावरत धावलेच. पण ती पोरगी खोटं बोलायला शिकलेली नव्हती. शाळेतनं हेडसरांनी दिल्या, असं तिनं सरळ सांगून टाकलं. अभिमानानं सांगितलं. आपली काळजी करणारा एक माणूस आहे, हे सासूला कळावं असं तिला वाटलं असणार.

मी पोचले आणि म्हटलं, अहो मावशी, मीच आणायला सांगितल्या होत्या त्यांना. माझं बोलणं ऐकून तर ती आणखीनच ताठ झाली. एक बाई परक्या पुरुषाला माझ्या सुनेसाठी चुडा आणायला सांगते, असा त्याचा अर्थ झाला. तिनं माझ्याकडं बघितलं, भांडायच्या नजरेनं नाही, घाबरलेल्या नजरेनं.

"माझा ल्योक रातध्याड गाडीवर असतोय. आन् हिच्या हातात परक्या बाप्याचा चुडा?"

तिनं त्या बांगड्या तिथंच काढल्या. ढगळच होत्या, एका हिसक्यात निघाल्या. फोडल्या नाहीत, बाकावर ठेवल्या. स्वतःच्या पदराची दशी तोडून सुनेच्या मनगटाला बांधली. मग हाताला धरून तिला पलीकडं जाणाऱ्या बसकडं घेऊन गेली. मी मधे पडले, पोरीचा दुसरा हात धरला, दहावीचं वर्ष आहे, महिन्यावर पेपर आले, काय काय बोलले. माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, बाई, त्यांच्या घरातलं हाय, सोडा. पोरगी मला म्हणाली, बाई, हात दुखतोय. मी सोडला.

लाडू बाकावरच राहिला होता. बांगड्या मी पिशवीत टाकल्या.

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारी चुलता आणखी काही माणसं घेऊन शाळेत आला. हेडसरांच्या टेबलासमोर उभा राहून त्यानं विचारलं की आमच्या लेकीला बांगड्या कुठल्या नात्यानं दिल्यात. हेडसर उभे होते. इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्यांना म्हणता आलं असतं, की सोळा वर्षांच्या आतल्या पोरीचं लग्न लावलंत, आधी त्याचं बोला. ते म्हणाले सुद्धा, पण तोंडातल्या तोंडात, आणि शिक्षकाच्या नात्यानं दिल्या म्हटलं, तर नातं या शब्दावर सगळे हसले. मी मधे बोलले तर मला गप्प बसवलं. गावात दोन दिवसांत काय काय पसरलं ते मी इथं लिहिणार नाही. हेडसरांच्या बायकोपर्यंत ते गेलं, एवढं पुरे.

चुलता येऊन गेला त्याच दुपारी हेडसरांनी पोस्टरवरच्या नंबराला फोन लावला. माणसं आली, चौकशी झाली. पण पोरगी आता सीमेच्या पलीकडं होती. इकडचे म्हणाले, मुलगी महाराष्ट्रात आहे, तिकडं कळवतो. तिकडचे म्हणाले, लग्न कर्नाटकात लागलंय, गुन्हा तिकडचा. आमच्या भागात ही सीमा आम्ही भाजी आणायला दिवसातून दोनदा ओलांडतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या वेळी मात्र ती भिंतीएवढी उंच झाली. दोन्हीकडच्यांनी हात झटकले. आईला मी वखारीच्या दारात गाठलं. तंबाखूनं माखलेला पदर डोळ्याला लावून ती म्हणाली, तिला आता तिथंच नांदायचंय, तुम्ही आणखी वाईटपणा नका घेऊ.

हेडसर त्यानंतरही रोज सकाळी गेटवर उभे राहात होते. पण मुलींच्या हातांकडं बघत नव्हते. खाली जमिनीकडं बघायचे. मुली आपल्या आपण नळाकडं जायच्या, स्कार्फाच्या घड्या घालायच्या, सवयच झाली होती. मी एकदा म्हटलं, सर, आता तरी ते भिंतीवरचं पुसून टाकू या का? ते म्हणाले, आता पुसलं तर लोक म्हणतील मी तिच्यासाठी पुसलं. उन्हाळ्यात त्यांनी बदली मागून घेतली, पुढं रिटायर होऊन चिकोडीला घरी बसले.

मार्चअखेर परीक्षा झाली. आमच्या मुलांचं सेंटर निपाणीतल्या दुसऱ्या शाळेत होतं, आणि माझी ड्युटी तिथंच लागली. वेगवेगळ्या शाळांची पोरं. कुणाचा युनिफॉर्म निळा, कुणाचा तपकिरी, खाजगी बसलेल्या मुली तर साध्या पंजाबी ड्रेसात. तिथं कॉपी तपासतात, हात तपासत नाहीत. मराठीच्या पेपरला सगळ्या हॉलमध्ये पेनांच्या आवाजाबरोबर बारीक किणकिण चालली होती, लिहिताना बांगड्या बाकावर आपटत होत्या. कुणाचं काही अडत नव्हतं. खिडकीजवळच्या एका बाकावर नंबर खडूनं लिहिलेला होता आणि तिथं कुणी बसलेलं नव्हतं. मी सुपरवायझर, मला त्या नंबरापुढं गैरहजर लिहायचं होतं. मी सगळ्यात शेवटी लिहिलं. निबंधाचा विषय तिला आवडला असता.

आमच्या शाळेच्या भिंतीवर आता नवीन हेडमास्तरांनी तीच अक्षरं परत रंगवून घेतलीत, या वेळी लाल रंगात. मला तालुक्यातल्या शिक्षकांच्या बैठकीत अजून बोलायला उभं करतात, शिस्त हवी की नको म्हणून. हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघंही टाळ्या घेतात. मी उभी राहते आणि ते हिरवं मनगट डोळ्यासमोर येतं, आणि जे बोलायचं ठरवलेलं असतं ते राहूनच जातं.

गेल्या दिवाळीच्या आधी, गुरुवारीच, ती मला निपाणीच्या स्टँडवर भेटली. तिनंच हाक मारली, मी ओळखलं नसतं. अंगानं भरलेली, डोक्यावर पदर, शेजारी पणत्या आणि उटण्याची पिशवी. नवरा टायर बघायला गेला होता. बरी आहेस का विचारलं, तर व्हय म्हणाली. निबंध लिहितेस का म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं. ती हसली, आणि मला माझाच राग आला. मग म्हणाली की धाकटा भाऊ सातवीत आहे, पुढच्या वर्षी तुमच्याच शाळेत येईल तो. मी त्याच्याकडं लक्ष ठेवीन म्हटलं.

बस लागली. पिशवी उचलता उचलता तिनं हेडसर कुठं असतात ते विचारलं. चिकोडीला असतात, म्हटलं.  हातातल्या बांगड्या तिनं दुसऱ्या हातानं मनगटावर फिरवायला बघितल्या. त्या बसलेल्या होत्या, घट्ट, फिरल्या नाहीत.

"त्यास्नी भेटलासा तर सांगा, बाई. तवा सैल हुत्या. आता मला दोन-सहाच लागत्यात."

ती बसमध्ये चढली. त्या बाकावरून उचललेल्या बांगड्या बेळगावला माझ्या कपाटात आहेत. चिकोडीला त्यानंतर माझं दोनदा जाणं झालं, एकदा तर हेडसरांच्या दारात बसून चहा घेतला. मला ते सांगता आलं नाही.